प्रश्नपत्रिका कोणी काढली? अमेरिकेच्या इतिहासाची एक चाचणी

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण? स्वातंत्र्याचा जाहीरनामा कोणत्या साली निघाला? गुलामगिरी कोणी नष्ट केली? १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चात गाजलेले भाषण कोणी केले?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी ही उत्तरे सांगता येतील. वॉशिंग्टन, १७७६, लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग. अमेरिकेचा इतिहास म्हणून आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोक्यात एवढेच असते, आणि यालाच आपण सामान्य ज्ञान म्हणतो. एक थोर माणूस देश स्थापन करतो, दुसरा थोर माणूस गुलामांना मुक्त करतो, तिसरा थोर माणूस भाषण करतो आणि वंशभेद संपतो. या गोष्टीत गुलाम स्वतः काहीच करत नाहीत. त्यांच्यासाठी सगळे कुणीतरी दुसराच करतो.

आता आणखी पाच प्रश्न पाहा.

१. लिंकनच्या मुक्ततेच्या जाहीरनाम्याने कोणत्या राज्यांतले गुलाम मुक्त झाले नाहीत?
२. अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय सदस्य कोणत्या साली बसला?
३. राज्यघटनेने मताधिकार दिल्यावरही दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना जवळजवळ पाऊणशे वर्षे मत का देता आले नाही?
४. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्व मागताना एका भारतीयाच्या बाजूने जातीचा दाखला केव्हा दिला गेला?
५. अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेला, जातिव्यवस्थेवरचा पहिला मोठा मराठी ग्रंथ कोणता?

पाचव्याचे उत्तर या पानाच्या वाचकाला माहीत असेल. बाकीच्या चारांपैकी एखाद-दुसरे येत असेल तर चांगलेच आहे. येत नसेल तर दोष वाचकाचा नाही. हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, म्हणून त्यांची उत्तरे 'सामान्य' झाली नाहीत. कोणते ज्ञान सामान्य आणि कोणते अवांतर, हे प्रश्नपत्रिका काढणारा ठरवतो. हा मुद्दा फक्त गुणांपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण अमेरिकेच्या इतिहासात माणसाला नागरिक मानायचे की नाही, त्याच्या हाती मत द्यायचे की नाही, हेच ज्ञानाची परीक्षा घेऊन ठरवले गेले आहे. म्हणून हे प्रश्न एकेक करून सोडवू.

पहिला प्रश्न. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंड करून संघराज्यातून फुटलेल्या राज्यांना लागू होता. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी ही राज्ये गुलाम बाळगत होती, पण संघराज्याच्या बाजूला राहिली होती. तिथल्या गुलामांना या जाहीरनाम्याने हात लावला नाही. संपूर्ण देशातली गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. त्या दुरुस्तीतही एक फट ठेवली होती. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल, असे तिच्यात लिहिले आहे. याच फटीतून पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी किरकोळ आरोपांखाली कृष्णवर्णीयांना तुरुंगात टाकले आणि कैदी म्हणून खाणींत, मळ्यांत भाड्याने दिले.

लिंकनचे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण १८६० च्या जनगणनेत जे सुमारे ४० लाख लोक गुलाम म्हणून मोजले गेले, ते हात बांधून मुक्तीची वाट पाहत बसले नव्हते. यादवी युद्ध सुरू होताच ते मळे सोडून संघराज्याच्या सैन्याच्या छावण्यांकडे पळू लागले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पुरुष संघराज्याच्या सैन्यात लढले. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात मळे सोडून जाण्याच्या या लाटेला गुलामांचा सार्वत्रिक संप म्हटले. 'गुलामगिरी कोणी नष्ट केली' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर पुरेसे मानायचे, तर या लाखो लोकांना उत्तरातून काढून टाकावे लागते.

दुसरा प्रश्न. बहुतेक जण १९६० नंतरचे एखादे साल सांगतील. बरोबर उत्तर १८७० आहे. मिसिसिपी राज्यातून निवडून आलेले हायरम रेव्हल्स त्या वर्षी सिनेटमध्ये बसले. त्यांच्या विरोधकांनी घेतलेला आक्षेप वाचण्यासारखा आहे. सिनेटच्या सदस्याला किमान नऊ वर्षे नागरिकत्व हवे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही असे ठरवले होते. मग रेव्हल्स नऊ वर्षे नागरिक कसे, असा तो युक्तिवाद. आधी नागरिकत्व नाकारायचे आणि मग नागरिकत्वाची वर्षे मोजायला बसायचे! तो आक्षेप टिकला नाही. रेव्हल्स यांच्यानंतर मिसिसिपीतूनच ब्लांश ब्रूस सिनेटमध्ये गेले आणि १८८१ पर्यंत राहिले. पुढचा कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये दिसायला १९६७ साल उजाडावे लागले.

म्हणजे आपल्या डोक्यातली पायऱ्यांची गोष्ट, आधी गुलामगिरी, मग हळूहळू प्रगती, मग समता, ही खोटी आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८६५ ते १८७७ दरम्यान, कृष्णवर्णीयांनी मते दिली, निवडणुका जिंकल्या, विधिमंडळांत बसून सार्वजनिक शाळांचे कायदे केले. ते हक्क नंतर हिसकावून घेतले गेले. कसे, हाच तिसरा प्रश्न.

१८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. त्यामुळे 'कृष्णवर्णीयांना मत नाही' असे उघड लिहिणे दक्षिणेतल्या राज्यकर्त्यांना शक्य नव्हते. दहशत होती, खून होते, मतपेट्यांची लबाडी होती. पण कायम टिकणारी व्यवस्था हवी तर कायदा हवा, आणि कायद्यात वंशाचा उच्चारही नको. यावर मिसिसिपीने १८९० च्या आपल्या राज्यघटनेत तोडगा काढला. मतपट्टी भरायची. शिवाय मतदाराला राज्याच्या घटनेतले कोणतेही कलम वाचता आले पाहिजे, किंवा वाचून दाखवल्यावर ते समजले पाहिजे, किंवा त्याचा वाजवी अर्थ सांगता आला पाहिजे. त्या वेळी मिसिसिपीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय होती.

अर्थ वाजवी आहे की नाही हे कोण ठरवणार? मतदार नोंदणी करणारा गोरा अधिकारी. कोणते कलम विचारायचे, हेही तोच ठरवणार. गोऱ्या शेतकऱ्याला दोन ओळींचे सोपे कलम आणि कृष्णवर्णीय शिक्षकाला करप्रणालीवरचे गुंतागुंतीचे कलम देण्याची त्याला पूर्ण मुभा होती. १८९८ साली ही तरतूद सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. कायद्याच्या शब्दांत कुठे वंशभेद दिसत नाही, असे सांगून न्यायालयाने ती राहू दिली.

त्याच वर्षी लुइझियानाने आणखी एक कलम आणले, ते आजोबांच्या नावाने ओळखले जाते. साक्षरतेची आणि मालमत्तेची अट सर्वांना आहे. पण १ जानेवारी १८६७ रोजी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताधिकार होता, त्याला ती अट नाही. त्या तारखेला तिथल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता. कायद्यात 'गोरा' हा शब्द नाही, 'काळा' हा शब्द नाही. फक्त आजोबा आहेत. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ते सुमारे १,३०० उरले. सर्वोच्च न्यायालयाने असे आजोबांचे कलम १९१५ साली रद्द केले, पण साक्षरतेची परीक्षा चालूच राहिली.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. ज्यांची वाचनाची परीक्षा घेतली जात होती, त्यांच्याच आईबापांना वाचायला शिकवणे हा दक्षिणेत गुन्हा होता. साउथ कॅरोलायनाने १७४० साली गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० साली वाचन-लेखन दोन्ही शिकवण्यावर घातली. फ्रेडरिक डग्लस यांना लहानपणी मालकिणीने अक्षरे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मालकाने ती थांबवली. वाचायला येणारा गुलाम गुलाम राहत नाही, हे मालकाला नीट कळत होते. डग्लस उरलेले चोरून शिकले आणि १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आधी पाटी हिसकावून घ्यायची आणि नंतर हस्ताक्षर तपासायचे, असा हा दोन पिढ्यांचा व्यवहार होता. आपल्याकडे याच व्यवहाराच्या दुसऱ्या टप्प्याला 'मेरिट' म्हणतात.

ही परीक्षा प्रत्यक्षात कशी होत असे, हे फॅनी लू हेमर यांच्या आयुष्यात दिसते. मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातले हे विसावे अपत्य. लहानपणापासून कापूस वेचण्यात गेलेले. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येते, हेच त्यांना चाळिशी ओलांडल्यावर कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इतर १७ जणांबरोबर इंडियानोला गावी नोंदणीला गेल्या. अधिकाऱ्याने त्यांना राज्याच्या घटनेतले 'डी फॅक्टो' कायद्यांविषयीचे कलम दिले. ते उतरवून काढायचे आणि त्याचा अर्थ लिहायचा. हेमर नापास झाल्या. त्याच रात्री मळ्याच्या मालकाने त्यांना अर्ज मागे घे नाहीतर निघून जा, असे सांगितले. १८ वर्षे ज्या मळ्यावर काम केले तो त्यांनी सोडला. जानेवारी १९६३ मध्ये त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना जबर मारहाण झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ही सगळी हकीकत सांगितली आणि ती दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचली.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतल्या अशा परीक्षा स्थगित केल्या आणि नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठवण्याची सोय केली. कायद्याआधी मिसिसिपीतल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७ टक्के लोक मतदार म्हणून नोंदलेले होते. १९६७ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत मिसिसिपीत कुठली शैक्षणिक क्रांती झाली नव्हती. माणसे तीच होती आणि त्यांचे शिक्षणही तेवढेच होते. मधली परीक्षा तेवढी उठली होती. इतक्या वर्षांच्या 'नापासां'चा सगळा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

इथे आपल्या देशाकडे वळणे भाग आहे, कारण हाच प्रश्न आपल्यापुढेही होता आणि आपण त्याचे वेगळे उत्तर दिले. ब्रिटिश काळातल्या कायद्यांनी मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. अशिक्षित माणसाला मत कशाला, हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत देऊन पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याच वेळी स्वतःला जगातली जुनी लोकशाही म्हणवणाऱ्या देशाच्या दक्षिण भागात पदवीधर कृष्णवर्णीय माणूस कलमाचा अर्थ लावण्यात नापास होत होता. १९५९ मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साक्षरतेची अट सर्वांना सारखी लावली तर ती घटनाबाह्य नाही, असा एकमताने निकाल दिला.

आपण दिलेले उत्तर मात्र आपणच विसरू लागलो आहोत. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांसाठी शिक्षणाची अट आणली. सर्वसाधारण उमेदवाराला दहावी, महिला आणि अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आठवी, पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या महिलेला पाचवी. घरात शौचालय असण्याचीही अट होती. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. बरे-वाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणामुळेच येते, अशा आशयाचे विधान त्या निकालात आहे. कायद्याच्या शब्दांत कुठे जातिभेद नाही. उलट सवलतीच आहेत. पण ज्या बाईला शाळेत पोहोचूच दिले नाही, तिला पाचवीच्या दाखल्याविना गावाचा कारभार करण्यास अपात्र ठरवणे आणि हेमर यांना 'डी फॅक्टो' कलमाचा अर्थ विचारणे, यात तत्त्वाचा फरक काय? राजस्थाननेही २०१४ मध्ये अशी अट आणली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली. म्हणजे अशा अटी मागे घेता येतात. त्यासाठी त्यांना परीक्षा न म्हणता अडसर म्हणणारे लोक लागतात.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला मिळू शकत होते. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून गेलेल्यांना मात्र आपण गोरे आहोत हे सिद्ध करावे लागे. पंजाबमधून गेलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झालेले भगतसिंग थिंड यांचा खटला १९२३ साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्यांची बाजू अशी मांडली गेली की ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत. थिंड स्वतः शीख होते, पण तेव्हा अमेरिकेत सगळ्याच भारतीयांना हिंदू म्हणत. उच्च जातीचा हिंदू इथल्या आदिवासींशी विवाहसंबंधाची कल्पनाही तशीच झिडकारतो, जशी गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयांशी झिडकारतो, असाही मुद्दा त्यात होता. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच माणसांना अस्पृश्य ठेवतो, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या. न्यायालयाने दावा फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे कारण दिले. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले. थिंड यांना ते अखेर १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून मिळाले.

भारतीयांना अमेरिकेचे दार मोठ्या संख्येने उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. मताधिकार कायदा आणि हा कायदा एकाच वर्षातले आहेत आणि नागरी हक्कांच्या त्याच चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात ते झाले. आज तिथे सुखाने राहणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या व्हिसामागे हेमर यांच्यासारख्यांच्या पाठीवरचे वळ आहेत. त्याच कुटुंबांपैकी काही जण तिथे जातीविरोधी कायद्याची मागणी झाली की 'अमेरिकेत जात कुठे आहे?' असे विचारतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, तेव्हाही विरोध करणाऱ्यांत भारतीय होते. इतिहासाच्या या प्रश्नात ते नापास झाले आहेत, पण त्यांचा पासपोर्ट त्यामुळे अडत नाही.

अमेरिकेचे नागरिकत्व घेताना आजही इतिहासाची परीक्षा द्यावी लागते. २००८ पासूनच्या स्वरूपात १०० प्रश्नांची यादी आधीच जाहीर असे, त्यांतले १० विचारत आणि ६ बरोबर आले की पुरे. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या स्वरूपात यादी १२८ प्रश्नांची आहे, २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. मिसिसिपीच्या परीक्षेशी तुलना केली तर ही कितीतरी प्रामाणिक आहे. प्रश्न आणि उत्तरे सगळ्यांना खुली आहेत. पण उत्तरांची यादी वाचली की प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा हात इथेही दिसतो. २००८ च्या यादीत यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा, असा प्रश्न होता. गुलामगिरी हे उत्तर चालत होते. आर्थिक कारणे हेही चालत होते आणि राज्यांचे अधिकार हेही. म्हणजे गुलामगिरीचा शब्दही न उच्चारता हा प्रश्न बरोबर सोडवता येत होता. गुलाम ठेवण्याच्या अधिकारासाठी लढलेल्या राज्यांच्या वारसांनी 'राज्यांचे अधिकार' हे उत्तर शंभर वर्षे घासून-पुसून चकचकीत केले, ते अधिकृत यादीत जाऊन बसले.

शाळांतही हेच चालू आहे. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या शाळांच्या भूगोलाच्या एका पुस्तकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा उल्लेख 'कामगार' असा आढळला. एका विद्यार्थ्याच्या आईने तो उघडकीला आणल्यावर प्रकाशकाला दुरुस्ती करावी लागली. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात गुलामांनी आत्मसात केलेली काही कौशल्ये त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरू शकत होती, असे वाक्य घातले गेले. आपल्याकडे जातीला श्रमविभागणी म्हणणारी पुस्तके वाचलेल्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. श्रमविभागणी नव्हे, ही श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले आहे.

आता पाचवा प्रश्न. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. तेराव्या घटनादुरुस्तीला तेव्हा आठच वर्षे झाली होती. अर्पणपत्रिका एका राष्ट्राध्यक्षाच्या नावे नाही, लोकांच्या नावे आहे. फुल्यांनी अमेरिकेचा इतिहास सामान्य ज्ञान म्हणून पाठ केला नव्हता. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला नाव देण्यासाठी त्यांनी तो वापरला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडताना त्यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धाचा दाखला दिला. लिंकनपुढचे पहिले उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे होते आणि युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्यांचे काय झाले, हे त्यांनी दाखवले. स्वराज्य आले की अस्पृश्यांचा प्रश्न आपोआप सुटेल, असे म्हणणाऱ्यांना हे त्यांचे उत्तर होते. १९४६ मध्ये त्यांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. द्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले. पुढे १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. अमेरिकेचा इतिहास असा वाचणारी परंपरा आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे. परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत ती नाही.

म्हणून या लेखाचे म्हणणे दोन भागांचे आहे आणि दोन्ही एकत्र धरले पाहिजेत. ज्ञान मिळवणे हा आपला हक्क आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांपासून आपली सगळी चळवळ त्या हक्कासाठी लढली, त्यामुळे शिक्षणाला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. पण ज्ञान ही हक्काची अट असू शकत नाही. मत, उमेदवारी, नागरिकत्व, माणूस म्हणून प्रतिष्ठा, यांतले काहीही परीक्षा उत्तीर्ण होण्यावर अवलंबून ठेवले की परीक्षा घेणाऱ्याच्या हाती चाबूक जातो. मिसिसिपीचा नोंदणी अधिकारी हे त्याचे सिद्ध झालेले उदाहरण आहे. आणि जिथे परीक्षा अटळ आहे, नोकरीसाठी, प्रवेशासाठी, तिथे प्रश्नपत्रिका कोण काढतो, उत्तरे कोण ठरवतो आणि तयारीची साधने कोणाला मिळाली, हे विचारणे आपले काम आहे.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वॉशिंग्टन आणि लिंकन जरूर लिहावे, गुण घ्यावेत. वस्त्यांतल्या अभ्यासिका आणि वाचनालये चालवणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. सामान्य ज्ञानाच्या पुढच्या स्पर्धेत हायरम रेव्हल्स, फॅनी लू हेमर, आजोबांचे कलम आणि १९२३ चा थिंड खटला यांवर एकेक प्रश्न ठेवा. शेजारी १९२८ चे सायमन कमिशन आणि २०१५ चा हरियाणाचा कायदाही ठेवा. मुलांना पहिल्या वर्षी उत्तरे येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी येतील. प्रश्न विचारला गेला की उत्तर शोधले जाते. आजवर अडले आहे ते प्रश्न काढण्याचा हक्क आपण घेतला नाही म्हणून.